पंख्याबरोबर पुसलेली एकतारी

मित्रांनो, मी एक जुनी एकतारी आहे आणि गेल्या रविवारी जुळे सोलापुरात माझ्या गाण्याला 'वन्स मोअर' मिळाला. बरं, ते राहू द्या. शेवट आधीच सांगून बसले; तो ऐकलाच नाही, असं धरून पुढे वाचा.

वळसंगच्या एका कुंपणावर मी भोपळा म्हणून जन्मले. माझ्या भावंडांची भाजी झाली. माझा देठाकडचा तुकडा बजाबाईंनी चाखला आणि थुंकला. "लई कडू हाय की हो हे!" कडू निघाले म्हणून मी वाचले. या गुणाबद्दल मी आजही ऋणी आहे. त्यांचे पती धोंडिराम यांनी मला वाळवलं, बांबूची दांडी आणि एक तार बसवली. तार एकच, त्यामुळे कोणती वाजवायची हा गोंधळ कधी झाला नाही.

चाळीस वर्षं आम्ही भीमजयंतीला, लग्नात, बारशात गायलो. मग धोंडिराम सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मी खिळ्यावर लटकले आणि धोंडिरामआजोबा गप्प झाले. "हितं कोण ऐकतंय?" एवढंच म्हणायचे.

या मे महिन्यात त्यांची नात तेजश्री लॅपटॉप घेऊन आली.

"आजोबा, वेल्स म्हणून एक देश हाय. तिथली पोरं त्यांच्या भाषेतली जुनी गाणी गातात, मागं कीबोर्ड, ड्रम. आपण बी करू की."

"त्यांची भाषा कळती तुला?"

"एक अक्षर न्हाय."

"मग लाव. आमची बी कुणाला कळत न्हाय."

आजोबा गायले, मी वाजले. रेकॉर्डिंग करताना लॅपटॉपने पंख्याची घरघर आपोआप पुसली. माझाही आवाज अखंड आणि एकसारखा, म्हणून त्याने मलाही पंखाच समजून पुसलं.

आजोबांनी ते ऐकलं. "बघ, मशीनला बी कळलं. हिची गरज न्हाय, माझी बी न्हाय. टाक माळ्यावर. मी काय आता गात न्हाय."

तेजश्रीने वाद घातला नाही. "बरं. टाकते. पण हिच्याबिगर एक कडवं म्हणून दाखवा."

आजोबांनी सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला सूर निसटला. त्यांचं बोट मात्र हवेत, नसलेली तार छेडत राहिलं. तेजश्रीने मला हळूच त्या बोटाखाली सरकवलं. सूर जागेवर आला. आजोबांचे डोळे भरले. "थांब, पयल्यापासून घे," ते म्हणाले.

तिने लॅपटॉपची सफाई बंद केली आणि पंखाही. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करणाऱ्या घराचे उपकार मी फेडू शकणार नाही. मध्येच कुकरची शिट्टी आली. तिथूनच तेजश्रीने लॅपटॉपवरचा ड्रम सुरू केला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्याला अधूनमधून छेडत जा. ते बिघडलेलं नसतं, वाट बघत असतं.

सबब, जगातील सर्व संगणकांना विनंती करण्यात येते की, यापुढे कोणताही आवाज पुसण्यापूर्वी त्या आवाजाचे म्हणणे लेखी घ्यावे, त्यास पंधरा दिवसांची मुदत द्यावी व रीतसर पोच द्यावी.