सातवा फर्मा

विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली, जिना उतरून डाव्या हाताला, पुस्तकबांधणीची खोली होती. तिथे एकतीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना सगळे बाइंडरबाई म्हणत, आणि त्यांचं खरं नाव कुणी विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा: एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पुस्तक चुकीचं बाहेर गेलं नव्हतं. हे त्या सगळ्यांना सांगत, आणि कुणी न विचारता सांगत.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना कुलगुरूंच्या लक्षात आलं की या विद्यापीठात कुणी कुणाला ओळखत नाही. रसायनवाले भाषावाल्यांकडे ढुंकून पाहत नाहीत, प्राध्यापकांना माळ्याचा चेहरा ठाऊक नाही, आणि विद्यार्थी तर कानात बोंडं घालूनच जन्माला आलेले. यावर उपाय निघाला. कुलगुरूंपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांनी महिनाभरात एकच पुस्तक वाचायचं, बुधवारी दुपारी उपाहारगृहात चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांत बसून त्यावर बोलायचं. कुणाच्या घरी म्हातारं माणूस असेल तर एखाद्या विद्यार्थ्याने तिथे जाऊन ते वाचून दाखवायचं. पुस्तक निवडायला समिती बसली. कुणी हरकत घेणार नाही आणि कुणाला आवडणारही नाही, असं पुस्तक शोधण्यात समित्यांचा हात कोण धरणार? पूल बांधणाऱ्या एका इंजिनीअरची कादंबरी निवडली गेली. छापखान्यातून बाराशे प्रतींचे सुटे फर्मे आले आणि बाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाला घड्या घालून झालेली सोळा पानं. लांब मेजावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडायचे, मेजाच्या कडेने चालत प्रत्येकातला एकेक उचलायचा, की एक पुस्तक जमलं. मग ते शिवायचं. मेजावर जागा पुरेना म्हणून बाईंनी सातव्या फर्म्याचे गठ्ठे बाकावर ठेवले. फरशी पुसताना ते बाक कपाटामागे सरकवलं गेलं आणि तिथेच राहिलं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, दर फर्म्याला थोडी खाली. पुस्तक जमलं की पाठीवर त्या खुणांचा जिना दिसतो. पायरी तुटली की समजावं, काहीतरी राहिलं. नवशिक्याला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. बाईंनी जिना पाहिला नाही. एकतीस वर्षांनंतर तो पाहायची त्यांना लाज वाटत असे.

बाराशे प्रती वाटून झाल्यावर चार दिवसांनी त्यांनी कपाटामागचं बाक ओढलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पान सत्त्याण्णव ते एकशे बारा, बाराशेच्या बाराशे, जागच्या जागी होते.

खरं तर तेव्हाच वर जाऊन सांगायचं. पण दोन महिन्यांसाठी एकतीस वर्षांवर पाणी सोडवेना. बाईंनी गठ्ठ्यांवर पोतं टाकलं आणि मूग गिळून बसल्या. कुणीतरी बोंब मारेलच, असं धरून चालल्या होत्या.

कुणी बोंब मारली नाही.

दुसऱ्या बुधवारी बाईंच्या गटात फाटकावरचा पहारेकरी होता आणि गणिताच्या मॅडम होत्या. पहारेकऱ्याने चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाला की ते पुलाचं वगैरे ठीक आहे, पण ती भावाला सांभाळणारी पोरगी काही डोक्यातून जात नाही. मॅडमनी मान डोलावली. त्यांनाही तेच सोडत नव्हतं. मग दोघं एकमेकांना आठवण करून देत बोलत गेले. आई इस्पितळात रात्रपाळीला जाते, दुपारी दोन ते चार झोपते, तेवढ्या वेळात दार वाजवायचं नाही असा घरचा नियम. अकरा वर्षांची मुलगी चार वर्षांच्या भावाला घेऊन बाहेर. भाऊ रडतो, घरी जायचं म्हणतो, म्हणून नियम मोडून ती तीनदा दार वाजवते. दार उघडत नाही. मग ती त्याला कालव्यावर नेते, गणिताच्या वहीचं पान फाडून होडी करून देते.

"त्याचा तो लाल स्वेटर," मॅडम म्हणाल्या. "चार बटणं लाल आणि एक काळं."

ते काळं बटण बाईंच्या आईने स्वतःच्या कोटाचं काढून लावलं होतं. हे आईला ठाऊक होतं आणि बाईंना. तिसऱ्या कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, कारण स्वेटर घालणारा त्यांचा धाकटा भाऊ एकोणपन्नास वर्षांपूर्वी कालव्यात गेला होता.

हे कुठल्या पानावर आहे, असं बाईंनी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं. मॅडमनी पुस्तक उघडलं. शहाण्णव आलं, त्याला लागून एकशे तेरा. त्यांनी बोटाला थुंकी लावली, पान मागे घेतलं, पुढे केलं, पुन्हा मागे घेतलं. "इथेच तर आहे," त्या म्हणाल्या, आणि मिटून ठेवलं. गणित शिकवणाऱ्या बाईला शहाण्णवनंतर एकशे तेरा आलेलं दिसलं नाही.

"शेवट तेवढा आठवत नाही बघा," पहारेकरी म्हणाला. "पोरगी एकटीच घरी येते. आई दार उघडते, विचारते, तो कुठाय? त्यावर पोरगी काय म्हणते, तिथे गाडी अडते."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी मागे वळून म्हणालं, आमचीही तिथेच अडते. त्या आठवड्यात सगळं विद्यापीठ एकाच ठिकाणी अडलं होतं. माळी आणि रसायनाचे विभागप्रमुख कारंज्यापाशी उभे राहून डोकं खाजवत होते. जिन्यात अनोळखी माणसं एकमेकांना थांबवून विचारत, तुम्हाला आठवतंय का हो? कुलगुरू खुश होते.

बाईंनी खोलीचं दार लावून सातवा फर्मा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात पुलाचा तिसरा खांब होता आणि वाळू खारी की गोडी यावरून दोन इंजिनीअरांचं भांडण होतं. मुलगी नव्हती, कालवा नव्हता. पण त्यांची पाचावर धारण बसली ती निराळ्याच कारणाने. त्यांच्या आईलाही हे पुस्तक वाचून दाखवलं जात होतं.

आई चौऱ्याऐंशीची होती. डोळे गेले होते, कान शाबूत होते. इतिहासाची एक विद्यार्थिनी दुपारी येऊन वाचत असे. पुढच्या आठवड्यात सोमवारी ऐंशीव्या पानाशी खूण होती. बाईंनी हिशोब केला, गुरुवारपर्यंत हातात वेळ आहे. बुधवारी घरातली प्रत त्यांनी पिशवीतून खोलीत आणली, शिवण उसवली, सातवा फर्मा जागेवर बसवला आणि मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा शिवली. पोकळीच उरली नाही तर तिथे काही शिरणार कसं, असं त्यांना वाटत होतं. विद्यार्थिनीला त्यांनी निरोप धाडला की उद्या मीच वाचीन. ती त्या दिवशी तिच्याजवळच्या प्रतीवरून वाचून गेली होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी अर्धी रजा टाकून बाई आईच्या खाटेशी बसल्या आणि सत्त्याण्णवावं पान वाचायला लागल्या. तिसरा खांब आला, वाळू आली. आई थोडा वेळ ऐकत राहिली.

"हे काय वाचतेस? त्या पोरीचं वाच."

"यात कुठली पोरगी, आई?"

"काल ऐकलं की मी. होडीचं, बटणाचं. आई विचारते तिथे ही वाचणारी मुलगी थांबली आणि म्हणाली, आजी, पुढचं आठवत नाही." आईने चेहरा बाईंकडे वळवला. "पुस्तक हातात असताना आठवत नाही म्हणजे काय गं? सांग तू. काय म्हणाली ती पोरगी?"

बाईंनी पानाकडे पाहिलं. पानावर वाळू होती. तीच वाचत राहिल्या असत्या तर आईने कदाचित सोडून दिलं असतं. पण एकोणपन्नास वर्षं त्यांनी तेच केलं होतं, आणि आता त्यांना त्याचा वीट आला होता.

"ती खोटं बोलली," बाई म्हणाल्या. "म्हणाली, तो हात सोडून पळाला. त्याने नव्हता सोडला, आई. त्याने तर घट्ट धरला होता. होडीकडे जायचं म्हणून ओढत होता, रडत होता. मी वैतागले. जा मग, म्हटलं, आणि मी हात सोडला."

आईने हात पुढे करून पुस्तक चाचपलं, मधल्या नव्या दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. संध्याकाळी जेवली नाही, एका शब्दाने काही विचारलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोसल्या असत्या. ती गप्प पाठ मात्र त्यांना सोसवेना, त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

शुक्रवारी सकाळी त्या कामाला निघाल्या तेव्हा आई तशीच पडून होती. विद्यापीठाच्या फाटकाशी पहारेकरी त्यांची वाटच पाहत होता.

"बाई, आठवलं. काल दुपारी साडेचारला, इथेच उभा होतो, आणि एकदम आठवलं." पोरीनेच हात सोडला होता, ते तिने कबूल केलं, असं त्याने सांगितलं. बाईंनी नुसती मान हलवली आणि आत जायला निघाल्या.

"थांबा ना. शेवट तो नाहीच," तो म्हणाला. "त्याच्यापुढे आईचं आहे. ते आज पहाटे आठवलं. ती आई जागी होती, बाई. तिन्ही वेळा दार वाजलेलं तिने ऐकलं होतं. रात्रपाळीने अंग मोडून आलेलं. अजून अर्धा तास पडू दे, म्हणाली मनात, आणि उठली नाही. ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही."

त्याच्या मागे आवारात माणसं तिघं-चौघं मिळून उभी होती. माळी होता, मॅडम होत्या. सगळ्यांच्या हातात पुस्तक होतं.

बाई तिथूनच मागे फिरल्या. घर येईपर्यंत त्या कुठेही थांबल्या नाहीत. पिशवीत किल्ली होती, ती त्यांनी काढली नाही. दारासमोर उभ्या राहिल्या आणि तीनदा दार वाजवलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग आत खाट करकरली, काठी फरशीवर टेकत टेकत जवळ आली.

"आले गं," आई आतून म्हणाली. "उठले मी. आले."