कामाचा फोन

दोघी सख्ख्या जावा. थोरली विधवा. धाकटीचा नवरा जिवंत होता, पण असून नसल्यासारखा. परदेशात कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. सासूही गेल्यावर घरात उरल्या या दोघी आणि थोरलीची शाळेत जाणारी मुलगी. दोघी मिळून धंदा करायच्या. धंदा म्हणजे कोणता, हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. पुरुष फोन करायचे, यायचे, पैसे द्यायचे, जायचे.

धंद्याची खोली घरापासून लांब होती. तिसरा मजला, एक खोली, मागे स्वयंपाकघर, खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान. एकीने खोलीत असायचं, दुसरीने स्वयंपाकघरात, आणि आठवडा संपला की पाळी बदलायची. स्वयंपाकघरातलीने फोन घ्यायचा, दार उघडायचं, पैसे आधी घ्यायचे आणि मग भिंतीला कान लावून बसायचं. आतून भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला की हातोडी घेऊन दारात उभं राहायचं. हातोडी चालवायची वेळ कधी आली नाही. ती हातात धरलेली बाई पाहिली की भल्याभल्यांची नशा उतरते.

फोन दोन. घरचा आणि कामाचा. परक्या माणसाला घरचा नंबर जीव गेला तरी द्यायचा नाही, हा थोरलीचा नियम. घरच्या फोनवर फक्त मुलगी, शाळा आणि शेजारची मावशी.

पूर्वी एक वेबसाइट होती. बायका आपली जाहिरात आपणच टाकायच्या आणि आतल्या पानावर एकमेकींना सावध करायच्या: हा मारतो, हा गळा धरतो, याला दारात उभं करू नका. मग माणसांची तस्करी थांबवायची म्हणून सरकारने ती साइट बंद पाडली. मोठमोठी भाषणं झाली, टाळ्या पडल्या. तस्करी करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे दुकान मांडलं. बुडालं ते बायकांचं आपसातलं पान. आता जाहिरात कुठल्याशा परदेशी साइटवर होती. तिथे कोणी कोणाला ओळखत नव्हतं.

एका दुपारी नेहमीचा एक चष्मेवाला बुटाच्या नाड्या बांधता बांधता थोरलीला म्हणाला, "गोदामामागे नवीन जागा निघालीय, रंगाच्या दुकानावर. जाऊन आलो आणि तसाच परत फिरलो."

"का? आमच्यावर एवढं प्रेम?"

"थट्टा नाही. दाराला बाहेरून कुलूप. तो माणूस उघडतो, आत सोडतो, परत लावतो. आत बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली. वीस-बावीसची असेल. आपली भाषासुद्धा येत नाही तिला. रडत होती. मी दार वाजवून बाहेर आलो. पैसे परत देईना, म्हटलं सोडून दे."

"पैसे सोडून दिलेस. आणि तिला?"

चष्मेवाला नाडीची गाठ परत सोडून परत बांधायला लागला. "मी काय करणार? माझं नाव निघालं तर बायको मला घरात घेणार नाही."

तो गेला. धाकटी खोलीतून बाहेर आली तर थोरली कामाचा फोन हातात घेऊन उभी.

"पोलिसांना कळवते."

"जाऊबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? उंदराने मांजराकडे तक्रार घेऊन जायची?"

"मग कोण जाणार? तो चष्मेवाला?"

"जगात एवढी माणसं आहेत. नसती उठाठेव आपणच का करायची?"

"आपलं दार आतून बंद असतं, तिचं बाहेरून," थोरली म्हणाली. "फरक एवढाच. पण तो केवढा आहे, हे आपल्याला कळायला नको तर कोणाला?"

थोरलीने पोलिसांच्या मदतवाहिनीला फोन लावला. चौकाचौकात तो नंबर मोठ्या अक्षरांत लावलेला होता, साखळदंडातल्या हातांच्या चित्रासकट. तिने पत्ता सांगितला, कुलूप सांगितलं, मुलीला भाषा येत नाही हे सांगितलं. पलीकडून विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, कानावर आलं. नाव विचारलं. ती म्हणाली, नावाचं काय करायचंय, मुलीला काढा. आणि फोन ठेवला.

नाव दिलं नाही म्हणून ती निश्चिंत होती. पण फोन कामाचा होता. पोलीस म्हणजे परके, परक्यांशी बोलायचं ते कामाच्या फोनवरून. हात सवयीने तिकडेच गेला. दुसऱ्या कुठल्या बाईने हा फोन केला असता तर घरच्या नंबरवरून केला असता आणि सुटली असती. हा नंबर साइटवर टाकला की दोघींची जाहिरातच समोर येत होती. पोलिसांनी टाकला. कुलूपवाल्याला शोधायला कष्ट पडणार होते, इथे सावज स्वतः फोन करून आलं होतं.

त्याच आठवड्यात एका चौकड्याच्या शर्टवाल्याने फोन केला. थोरली प्रत्येकाला आधी बोलतं करायची. तिचा अनुभव असा, की साध्या वेशातला पोलीस घासाघीस करत नाही, कारण पैसे त्याच्या खिशातले नसतात. याने भाजी घेतल्यासारखी घासाघीस केली. थोरलीला वाटलं, अस्सल गिऱ्हाईक. तिने दार उघडलं, पैसे घेतले, त्याला आत पाठवलं. त्या आठवड्यात खोलीत धाकटीची पाळी होती.

पण तो पोलिसांचाच माणूस होता. थोड्याच वेळात दार धडाधड वाजलं. चार पोलीस, एक महिला शिपाई, एक कॅमेरावाला आणि त्यांच्यामागे एका संस्थेची बाई, हातावर घडी केलेल्या शाली घेऊन. तिने एक शाल धाकटीच्या डोक्यावरून टाकली.

"घाबरू नकोस, बाळ. तू आता सुरक्षित आहेस."

"सुरक्षितच होते. माझ्या चपला द्या."

"तोंड झाक. कॅमेरा आहे."

"मग कॅमेरा कशाला आणला?"

थोरलीला शाल मिळाली नाही. आरोपीला शाल नसते. तिला स्वयंपाकघरातून ओढत आणलं तेव्हा हातोडी ओट्यावर होती. तीही जप्त झाली. पुढे कागदावर ती 'पीडितेला धाक दाखवण्यासाठी वापरलेलं हत्यार' झाली.

ठाण्यात दोघींना वेगळं केलं. साहेबांनी धाकटीला खुर्ची दिली, पाणी दिलं. शालवाली शेजारी बसली.

"फोन कोण घेतं?" साहेबांनी विचारलं.

"आज ती."

"दार कोण उघडतं? पैसे कोण घेतं?"

"आज ती. पुढच्या आठवड्यात मी."

"पुढचा आठवडा कायद्यात नाही. खोलीत असते ती पीडित, पैसे घेते ती दलाल. आम्ही गेलो तेव्हा जे होतं ते झालं."

"म्हणजे आठ दिवसांनी आला असता तर मी दलाल आणि ती बिचारी?"

महिला शिपायाला हसू आलं, तिने ते खोकल्यात दडवलं. साहेब हसले नाहीत.

शालवाली म्हणाली, "हे बघ, कोणतीही बाई आपल्या मनाने हे करत नाही."

"फरशी पुसायला तरी कोण मनाने जातं? तुमच्याकडे येते तिला विचारलंत कधी?"

"मी कुलपाआडच्या मुली बाहेर काढल्यात," शालवाली शांतपणे म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, ती काही ढोंगी बाई नव्हती. "पहिल्या दिवशी प्रत्येक मुलगी हेच म्हणते. माझ्या मनाने आले, ती माझी ताईच आहे. त्यांच्या अंगावर चटके असायचे तरी म्हणायच्या. मी तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?"

"माझ्या अंगावर चटके आहेत का, बघा. आणि कुलूपच हवंय ना? मग ती रंगाच्या दुकानावरची काढा. तिच्यासाठीच फोन केला होता आम्ही."

शालवालीने साहेबांकडे पाहिलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसलं.

"पाठवला होता तिथे माणूस," साहेब म्हणाले. "दाराला कुलूप होतं. परत आला."

"अहो, कुलूप होतं म्हणूनच तर फोन केला!"

"आवाज खाली. ती तक्रार निकालात निघाली. फोन करणारीच आरोपी निघाली, तर तक्रारीला काय किंमत?"

शालवाली काहीतरी बोलणार होती. बोलली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा छापे होते, पुन्हा याच साहेबांबरोबर जायचं होतं. भली माणसं अशीच एकेक वाक्य गिळत जातात आणि शेवटी त्यांचं पोट फक्त गिळलेल्या वाक्यांनी भरतं.

साहेबांनी मग सरळ सांगितलं. जावेने फूस लावून आणलं, जबरदस्तीने धंद्याला लावलं, असं लिहून दे. तू पीडित, आज ना उद्या सुटशील. नाहीतर दोघी मिळून अड्डा चालवत होतात, दोघी आत.

"मी नाही लिहून देणार," धाकटी म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आधी महिला शिपायाने तिला हात धुवायला नेलं आणि मोरीपाशी एकटीला सोडून मुद्दाम पाठ फिरवली. तिथे थोरली उभी होती. गालावर बोटं उठली होती.

"लिहून दे," थोरली म्हणाली.

"वेड लागलंय?"

"पोरगी शाळेतून आली असेल. दार बंद बघून पायरीवर बसली असेल. दोघी आत गेलो तर तिला कुठल्या तरी अनाथालयात टाकतील. एकीने बाहेर राहायला हवं."

"मग तुम्ही राहा. मी सांगते, मीच दलाल."

"त्यांनी मला पकडलंय. त्यांना मीच हवी आहे. वाद घालू नकोस. थोरली मी आहे."

"जाऊबाई, तुमच्याबद्दल असलं लिहायचं? हात झडेल माझा."

"झडला तर दुसऱ्या हाताने पोरीची वेणी घाल. जा."

धाकटीने सही केली. तिला वाटलं, आता घरी सोडतील. बाहेर संस्थेची गाडी उभी होती. पीडितेला असं वाऱ्यावर सोडता येत नाही, तिचं पुनर्वसन करावं लागतं. आधारगृहाच्या खिडक्यांना गज होते आणि दाराला बाहेरून कुलूप. तिथे तिला मेणबत्त्या करायला शिकवलं. मुलीला भेटायचं म्हणाली तर अधीक्षिका म्हणाल्या, आरोपीच्या मुलीशी संपर्क तुझ्या मनाला बरा नाही. मुलगी तोवर शेजारच्या मावशीकडे होती, आणि मावशीचे दोन्ही मुलगे रोज विचारत होते, ही अजून किती दिवस.

खटला उभा राहिला. कोर्टात जाताना धाकटीने ठरवलं होतं, खरं सांगायचं. सरकारी वकिलाने विचारलं, "तुम्हाला फसवून या धंद्यात आणणारी बाई इथे हजर आहे का?"

धाकटीने पिंजऱ्याकडे पाहिलं. थोरली अर्धी झाली होती. तिने मान अगदी किंचित हलवली. नाही म्हणत होती. खरं बोलू नकोस, असं ते 'नाही' होतं.

"आहे," धाकटी म्हणाली. "हीच."

थोरलीने डोळे मिटले, जड ओझं उतरवल्यावर बाई मिटते तसे. तिला सात वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रात छापून आलं: तस्करीच्या टोळीचा बीमोड, एका महिलेची सुटका. रंगाच्या दुकानावरच्या बाईचं नाव कुठल्याच वर्तमानपत्रात नव्हतं. तिचं नाव कोणाला माहीतच नव्हतं.

जबानी चांगली झाली म्हणून आधारगृहाने धाकटीला सोडलं. ती थेट मावशीकडे गेली आणि मुलीला घरी घेऊन आली. मुलगी उंच झाली होती, केस कोणीतरी कापून बारीक केले होते. घरात धूळ होती. धाकटीने कुकर लावला, दोन ताटं घासली, मांडली. मुलगी भिंतीला टेकून उभी.

"काकू, कोर्टात आईचं नाव तू सांगितलंस ना? मावशी म्हणाली."

"हो."

"खरं होतं?"

"नाही."

"मग?"

"आईनेच सांगितलं होतं तसं म्हण म्हणून. तुझ्याजवळ कोणीतरी असावं म्हणून."

"मग उद्या परत जा आणि सांग, खोटं बोलले होते."

"तसं सांगितलं तर मला आत ठेवतील."

"आईला सोडतील?"

धाकटीला याचं उत्तर ठाऊक होतं. सोडणार नव्हते. खोटी साक्ष म्हणून हिलाही आत टाकणार होते आणि पोरगी खरीच उघड्यावर पडणार होती. पण हे सगळं नऊ-दहा वर्षांच्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? ती म्हणाली, "जेवून घे आधी. मग बोलू."

"तुला आत ठेवतील तर ठेवू देत," मुलगी म्हणाली. तिने दप्तर उचललं, ताट ओलांडून बाहेर गेली आणि मावशीच्या बंद दारापाशी जाऊन बसली.