पॉइंटनंतरचा तिसरा आकडा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे आणि मी डूख धरून आहे. आधीच सांगितलेलं बरं.

कारखान्यातून निघताना मला एकच शिकवण मिळाली. अंगावर जेवढं ठेवतील तेवढंच दाखवायचं, आणि पॉइंटच्या पुढे दोन आकडे. तिसरा आकडा मला येत नाही. चौदा वर्षं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दगडी ओट्यावर काढली. "याच्यासारखा खरा काटा नाही," असं जुने सर म्हणायचे, तेव्हा माझी छाती फुगायची. माझी निगा राखायचे प्रयोगशाळेतले मामा. ते रोज मऊ फडक्याने मला पुसत आणि प्रत्येक मुलाला बजावत, "आधी शून्य येऊ दे, मग ठेव."

पुढे इमारतीची दुरुस्ती निघाली आणि तास ऑनलाइन झाले. प्रकल्पाच्या मुलांसाठी मात्र मामा रोज सकाळी प्रयोगशाळा उघडून बसत. त्या मुलांत एक होता, त्याला सगळे टॉपर म्हणत. साठवलेल्या बटाट्यांचं वजन महिन्याभरात किती घटतं, हा त्याचा प्रकल्प. तीस दिवस रोज सहा बटाटे तोलायचे होते. तो तीन दिवस आला. चौथ्या दिवसापासून बटाटे कपाटात आणि स्वारी घरी. उरलेल्या सत्तावीस दिवसांचे आकडे त्याने घरबसल्या रचले. इकडे बटाट्यांना कोंब फुटले.

एकदा त्याचे मार्गदर्शक सर माझ्या शेजारी लॅपटॉप ठेवून त्याच्याशी बोलत होते.

"पहिल्या तीन दिवसांचे आकडे पुढच्यांशी जुळत नाहीत रे."

"सर, तेव्हा काटा गडबड करत होता. मामांनी पुसताना आपटला असणार. नंतर मी रोज तो नीट लावून घेऊनच तोलायचो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जे तीन दिवस खरे, तेच त्याने खोटे ठरवले! मामा पुढे होऊन म्हणाले, "साहेब, तो तीनच दिवस आला हो."

"मामा, तो वर्गात पहिला येतो. तुम्ही आपलं काम बघा."

माझ्यावर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवून मला बेसिनखाली टाकलं. मामांना निष्काळजीपणाबद्दल लेखी समज मिळाली. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि सव्वीस वर्षांच्या कोऱ्या फाइलीत तो पहिला कागद लागला. मामा कोणाशी भांडले नाहीत. ते ओल्या जागेतून मला काढून कोरड्या फळीवर ठेवत, आणि कोणीतरी पुन्हा खाली टाकी. मी तिथे पडल्या पडल्या दात-ओठ खात होतो. ठरवलं होतं, एकदा वर काढा मला, असे भलतेसलते आकडे दाखवीन की हा पोरगा रडकुंडीला येईल.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक बाई आल्या. टॉपरला समोर उभं करून त्याचा अहवाल चाळता चाळता त्या थांबल्या.

"ही सगळी वजनं इथल्याच काट्यावर घेतलीस?"

"हो मॅडम."

"आणा बघू तो काटा."

"तो नादुरुस्त आहे," सर म्हणाले.

"असू दे. आणा."

मामांनी मला पुसून ओट्यावर ठेवलं. शून्य आलं. बाईंनी पेटीतलं पन्नास ग्रॅमचं प्रमाण वजन माझ्यावर ठेवलं. भलतेसलते आकडे दाखवायची हीच ती वेळ होती. पण खोटं दाखवलं असतं तर टॉपर खरा ठरला असता, आणि मामा कायमचे निष्काळजी. मी दाखवलं, ५०.००.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या तीन दिवसांत पॉइंटच्या पुढे दोन आकडे आहेत. पुढच्या सत्तावीस दिवसांत तीन. तिसरा आकडा यावर कुठे दिसतो, जरा दाखव."

टॉपर वाकून माझ्याकडे बघत राहिला. ऑनलाइन तासाला उत्तर आलं नाही की तो "आवाज तुटतोय" म्हणायचा. आता बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्याच्या कपाळावर घाम आला आणि मित्रांनो, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

मामांची समज मागे घेतली गेली. सरांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. टॉपरला तीसही दिवस पहिल्यापासून करायला लावले. रोज सकाळी तो येतो आणि मामा त्याच्या हातात फडकं देतात. मामांनी त्याला माफ केलंय. मी नाही. तो घाईत असला की मी मुद्दाम सावकाश स्थिरावतो.

काल एका बटाट्याचा आकडा त्याच्या आलेखात बसेना. मामा बाहेर गेले होते. त्याने दाराकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग बटाटा उचलला, शून्य येऊ दिलं, पुन्हा ठेवला. तोच आकडा आला. त्याने तो तसाच लिहिला, पॉइंटच्या पुढे दोनच आकडे.

मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा आणि आम्ही दाखवू तेच लिहा. नाहीतर आम्ही वाट बघू शकतो. टॉपरचे अजून अकरा दिवस बाकी आहेत. उद्या मात्र मी जरा लवकर स्थिरावेन म्हणतो.