दोन हाकोन आणि एक गोठा

अमळनेरच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या दिपमाला मॅडमनी नॉर्वेवर नाटक लिहिलं, तेव्हा गावाने त्यांना मोठ्या मनाने माफ केलं. शिकलेल्या बाईला एखादी व्याधी असायचीच.

नाटकात हाकोन दोन. हजारेक वर्षांपूर्वीचा राजा हाकोन, आणि त्याच्यामागून नॉर्वेवर हुकूम गाजवणारा सरदार हाकोन. सरदाराला बारशाच्या वेळी राजानेच आपलं नाव दिलं, अशी तिकडची कथा. राजा पहिल्या अंकात लढाईत बाण लागून मरतो. दुसऱ्या अंकात सरदार जीव वाचवायला लपतो आणि त्याचाच गुलाम त्याचा गळा चिरतो.

तालमीचा हॉल माजी नगरसेवक तोताराम आबांचा. जळगावच्या स्पर्धेला सामान न्यायचा ट्रक सरकीचे व्यापारी प्रेमराज शेठ यांचा. कलेवरच्या प्रेमापोटी दोघांनीही हाकोनचीच भूमिका मागितली. मॅडमनी दोघांनाही हो म्हटलं. खोटं कुठे होतं?

शेठ फक्त स्वतःची वाक्यं पाठ करत. दुसऱ्याची वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं त्यांचं मत. त्यामुळे रंगीत तालमीला नेपथ्य उभं राहिलं तेव्हा कुठे त्यांना प्रश्न पडला.

"मॅडम, हे काय आहे?"

"डुकरांचं खोपटं. तुम्ही इथेच मरता."

शेठ लालबुंद झाले. "आबा लढाईत मरणार आणि मी डुकरांत?"

"इतिहास आहे, शेठ."

"मग इतिहास बदला. ट्रक माझा आहे."

गुलामाचं काम करणारा लोटन हा शेठचाच ड्रायव्हर. तो घाईघाईने म्हणाला, "शेठ, यामा मना दोस नही. बठ्ठं मॅडमनी लिखेल शे."

शेवटी डुकरं गेली, गायी आल्या. नॉर्वेचा सरदार आता पवित्र गोठ्यात मरणार होता. मॅडमनी स्वतःच्या हाताने संहितेत खाडाखोड केली.

जळगावला पहिला अंक बरा झाला. आबा बाण लागल्यावर जरा जास्तच वेळ मरत राहिले, पण मेले. दुसऱ्या अंकात लोटनने सुरी फिरवली आणि पुढच्या रांगेत बसलेली सासुरवाडी पाहून शेठनी मरायचं रद्द केलं. ते उठून बसले. चिरलेल्या गळ्याने त्यांनी प्रजेला उद्देशून भाषण सुरू केलं. त्यात पाणीप्रश्नही आला.

विंगेत चहा पीत असलेल्या आबांना हे सोसवेना. माईक दिसला की त्यांच्या अंगात येई. मुकुट चढवून ते थेट रंगमंचावर शिरले आणि गरजले, "अरे, तुला नाव मी दिलं! बस खाली!"

"तू मेलेला आहेस!" शेठ ओरडले.

"तूही!"

मधे लोटन सुरी धरून उभा. यातला कोणता हाकोन मारायचा ते त्याला कळेना. त्याने केविलवाण्या नजरेने विंगेकडे पाहिलं. तिथे मॅडम उभ्या होत्या. इतक्या महिन्यांच्या वाचनाची माती होताना बघून आधी त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी पदराने नाक पुसलं आणि दोन बोटं वर केली.

लोटन आज्ञाधारक माणूस. त्याने आधी आबांना संपवलं. मग धन्याकडे वळला आणि या खेपेला असा काही जीव ओतून सुरी चालवली, की शेठ भाषण विसरून खरोखर आडवे झाले. प्रेक्षागृह उठून टाळ्या वाजवू लागलं.

परीक्षकांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. सत्ता मेल्यावरही बोलायचं थांबत नाही, हा आशय आणि गोठ्याचं प्रतीक त्यांना फार भिडलं होतं. मॅडमनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलं: 'हाकोनची भूमिका गाजली.' खाली नटाचं नाव नव्हतं. सकाळीच अमळनेरच्या स्टँडवरचे सगळे अंक संपले. अर्धे आबांनी वाटले, अर्धे शेठनी.