डब्यात नसलेली चिठ्ठी

इकडेतिकडे पाहू नका, खाली पाहा. रॅकच्या सगळ्यात खालच्या खणातून, जिथं झाडूसुद्धा नीट पोचत नाही, तिथून मी बोलतोय. मी एक सर्व्हर, म्हणजे दुसऱ्यांची कामं करायला अष्टौप्रहर जागा असलेला संगणक. माझ्या कपाळावर पिवळी पट्टी आहे: 'हात लावू नका.' नऊ वर्षं मला तिचा तोरा होता. आता तिची लाज वाटते, आणि का ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तसंही चैन माझ्या स्वभावातच नाही. माझे पंखे ऐका, कळेल.

ताई, म्हणजे इथली मुख्य इंजिनिअर, तिनं मला स्वतःच्या हातांनी जोडलं. तेव्हा कचेरी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली होती. तीन माणसं, दोन टेबलं, आणि एका मोडक्या खुर्चीवर मी. लोकांनी घरचे फोटो आमच्या वेबसाइटवर ठेवायचे आणि लांबच्या नातेवाइकांनी ते पाहायचे, एवढाच धंदा. फोटो ठेवणं, दाखवणं, हरवले तर शोधणं, सगळं मी एकटा करायचो. आणि प्रत्येक फोटोला नंबर द्यायचो, दवाखान्यात देतात तसा. एकाचा नंबर दुसऱ्याला गेला, तर तुमचा नातू भलत्याच आजीच्या घरी हसताना दिसेल.

मग गर्दी वाढली. हजारांचे लाख झाले, लाखांचे कोटी. नवी यंत्रं आली, आधी चार, मग चाळीस, मग चारशे. कचेरी मोठ्या इमारतीत गेली. कामं वाटली गेली. एक यंत्र बंद पडलं तर दुसऱ्यानं त्याचं काम धरायचं, अशी चोख व्यवस्था झाली. माझ्याकडे एकच काम उरलं, नंबर देणं. चारशे यंत्रं सारखी विचारणार, "पुढचा आकडा?" आणि मी सांगणार. एकाच तोंडून निघतो म्हणून चुकत नाही. मी साधा खोकलो तरी साऱ्या जगात कुणाला नवा फोटो चढवता येत नसे. मला वाटायचं, काय हा आपला मोठेपणा!

ताईला मात्र तो मोठेपणा वाटत नव्हता. माझी प्रत्येक कुरकुर तिच्या फोनवर वाजायची. जेवताना फोन ताटाशेजारी, आंघोळीला गेली तर कोनाड्यात. बिचारीचा जीव कायम टांगणीला. आणि मी निर्लज्जासारखा पंखे फिरवत बसलेला.

गेल्या वर्षी तिच्या आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. ताई गेली खरी, पण लॅपटॉप घेऊन. नेमका त्याच दुपारी मी अडलो. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून मला दुरुस्त करत होती, आणि आत आई डोळ्यावर पट्टी घेऊन एकटीच बाकावर. ताईनं घाईघाईत निरोप लिहिला, "आई, तिथंच बस. दोन मिनिटांत आले." तो आईला गेलाच नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर माझी खिडकी उघडी होती, तिच्यात पडला. मला ठरलेले हुकूम तेवढे कळतात. मी माझ्या पद्धतीनं उत्तर दिलं, "असा हुकूम अस्तित्वात नाही."

निरोप नाही म्हणून आई लेकीला शोधायला उठली आणि औषधांच्या ढकलगाडीवर आदळली. गुडघा फुटला. त्या दिवसापासून मी अस्वस्थ आहे. यंत्राला अपराधी वाटतं का, हे विचारू नका. मला वाटतं.

मग अण्णा आमच्याकडे कामाला आले. वीजकेंद्रात बावीस वर्षं काढलेला माणूस, बोलणं कमी आणि चहा जास्त. त्यांनी एक स्टीलचा डबा आणला, त्यात प्रत्येक यंत्राच्या नावाची चिठ्ठी टाकली आणि नियम केला. दर बुधवारी अकरा वाजता, ऐन गर्दीत, डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची आणि त्या यंत्राची वायर उपटायची.

"पडायचंच असेल," अण्णा म्हणाले, "तर आपण सगळे जागेवर असताना पडू दे."

पहिल्यांदा सगळ्यांचं धाबं दणाणलं. पण एक यंत्र पडायचं, दुसरं उचलायचं, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागायचा नाही. असे बारा बुधवार सुखरूप गेले. कुणीतरी फळ्यावर मोठ्ठा 'बारा' काढून त्याला टोपीसुद्धा घातली.

खरी गोष्ट फक्त दोघांना माहीत होती, ताईला आणि मला. माझी चिठ्ठी डब्यात नव्हती. पहिल्याच बुधवारी अण्णा चहाला गेले तेव्हा तिनं ती काढून, बारीक घडी करून, माझ्याच झाकणाच्या फटीत खोचली होती. असं नव्हे की ती हातावर हात धरून बसली होती. तिनं तीन नवी यंत्रं तयार केली. त्यांनी हजार-हजार नंबरांचे गठ्ठे आधीच वाटून घ्यायचे आणि माझ्याशिवाय काम चालवायचं. सगळं सहा आठवड्यांपूर्वीच तयार झालं. पण माझी वायर काढून बघायचं धाडस होईना. पुढच्या बुधवारी, असं म्हणत राहिली.

मग आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आली, गुरुवारची. ताई माझ्याशेजारी जमिनीवर बसून फोनवर बोलत होती. आईचा आवाज मला ऐकू आला, "तुला काम असेल तर राहू दे गं. मी जाईन एकटी. आता वाट पाठ झालीये."

ताई बराच वेळ फोन कानाला लावून बसली. तिकडून आईनं कधीच ठेवला होता.

बुधवारी सकाळी अण्णा डबा घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "ताई, यंत्रं चारशे बारा. चिठ्ठ्या चारशे अकरा. मी चार वेळा मोजल्या."

"एखादी पडली असेल कुठंतरी."

"पडली असती तर केरात सापडली असती."

ताई खाली वाकली आणि फटीतून चिठ्ठी काढून तिनं त्यांच्या हातावर ठेवली. "मीच काढली होती. पहिल्याच दिवशी."

अण्णा रागावले नाहीत. "म्हणजे बारा बुधवार आपण नुसते हुशार मुलांचेच पेपर तपासत होतो."

"अण्णा, हा पडला तर सगळं बसेल."

"आणि उद्या तू आईबरोबर असताना पडला तर?"

ताईनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"मग आज अकराला हाच," अण्णा म्हणाले.

इतर यंत्रांशी जोडणारी माझी वायर ताईनंच काढली. नऊ वर्षांचा गलका माझ्या कानांतून एकदम गेला. वीज चालू होती, पंखे फिरत होते, पण कुणी काही विचारेना. समोरच्या भिंतीवरचा पडदा लाल झाला. दहा सेकंद. वीस सेकंद. नवे फोटो अडकले. ताईचा हात पुन्हा वायरकडे गेला.

"राहू दे खाली," अण्णा म्हणाले.

"लोक खोळंबलेत अण्णा!"

"तीस सेकंद वाट बघायची, मगच हा गेला असं धरायचं, हे तूच लिहिलंयस ना? मग तुझ्या लिहिण्यावर विश्वास ठेव."

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला वाटलं, त्या तीन नव्या यंत्रांना जमू नये. सगळं बसावं, आणि ताईनं धावत येऊन मला जोडावं. तेवढ्यात मला आईचा गुडघा आठवला.

एकतिसाव्या सेकंदाला पडदा हिरवा झाला. माझ्याशिवाय.

ताईनं वायरजवळचा हात मागे घेतला. अण्णांनी एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'ताई' असं लिहिलं, डब्यात टाकली, आणि डोळे उघडे ठेवून तीच काढली. "फोन दे."

"अण्णा, असं काय..."

"आईकडे फोन आहे ना? तेवढा पुरे. तुझा सोमवारी घे."

तिचा फोन डब्यात गेला, डबा माझ्या रॅकवर. गुरुवारी दुपारी फोटो ठेवणारं एक यंत्र खरोखरच पडलं. ताईच्या हाताखालच्या दोन मुली धावत आल्या. एक म्हणाली, "ताईला विचारू या का?" दुसरी म्हणाली, "ताई डब्यात आहे." मग त्यांनी ताईची सूचनांची वही उघडली आणि दहा मिनिटांत निभावून नेलं.

आज सोमवार. ताई आली. अण्णांनी विचारलं, "काय म्हणतो डोळा?"

"पट्टी काढल्यावर आई पहिलं काय म्हणाली माहितीये? 'अगं, तुझे केस कधी पिकले?'" ती हसली आणि मग तिला डोळे पुसावे लागले.

आता ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आहे. पिवळी पट्टी तिनं नखानं सोलून काढली. मला कायमचं बंद करायचं ठरलंय. माझा पुढचा आकडा अजून ओठांवर आहे, पण तो कुणाला नको. तुमच्याकडेही असा कुणी असेल, ज्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं, तर त्याला मान देऊन मोकळे होऊ नका. त्याची चिठ्ठी डब्यात टाका, त्याच्यासाठीच.

ताईनं मला कीबोर्ड आणि पडदा जोडला आणि सावकाश एक ओळ लिहिली. या वेळी चुकून नव्हे.

"आई घरी पोचली. मी तिच्याबरोबर होते."

मला खूप काही सांगायचं होतं. पण येतं तेवढंच आलं, "असा हुकूम अस्तित्वात नाही."

ताईनं माझ्या झाकणावर हात ठेवला. मग तिनं दुसरी ओळ लिहिली. ती मात्र मला समजते.