अर्धा ढीग

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मैदान बघा. गवत नावालाच, धूळ मात्र भरपूर. एका बाजूला गल्लीचा फुटबॉल संघ, समोर छापखान्याचा. अंतिम सामना! आणि गोलच्या मागे, दोरीला पोट टेकवून, घसा बसेपर्यंत ओरडणारी एक मुलगी दिसतेय का? ती भिंगरी. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

गल्लीच्या संघाचे कप्तान तिचे बाबा. ते वेल्डिंगचं काम करत. गोलकीपर तिचा मामा. या संघाची एक गंमत होती. जो सामना जिंकून देईल, त्याच्या अंगावर सगळ्यांनी धडाधड पडायचं. एकावर एक, बुटांसकट! त्याला म्हणायचे 'ढीग'. मागच्या खेपेला ढिगाखाली इस्त्रीवाला होता. त्याची चड्डी टर्रकन फाटली, तरी पठ्ठ्या हसत होता.

पण मध्यंतरी मामाने घरात सांगून टाकलं, की घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आपल्या मित्रावर त्याचं प्रेम आहे आणि ते दोघं एकत्र राहणार आहेत. तेव्हापासून बाबा त्याच्याशी कामापुरतंच बोलत. गल्लीत कुजबुज सुरू झाली. त्यात मामाचं काम दवाखान्यात. एचआयव्हीपासून बचाव कसा करायचा, ते तो लोकांना समजावून सांगे. मग काय, कुजबुजीला पायच फुटले. आज पाण्याच्या बाटल्या आल्या, तर एकट्या मामाच्या बाटलीवर लाल चिकटपट्टी!

अर्धा खेळ झाल्यावर भिंगरी दोरीखालून आत शिरली.

"मामा, ही पट्टी कशाला?"

"माझी बाटली कुणी पळवू नये म्हणून." मामा हसला. मग तिचा चेहरा पाहून खाली बसला. "लोकांना वाटतं, मला एचआयव्ही आहे आणि पाण्यातून तो त्यांनाही होईल."

"आहे तुला?"

"नाही. मी तपासणी करून घेतो. आणि असता, तरी औषधं घेऊन असाच खेळलो असतो. अगं, तो पाण्यातून होत नाही, आणि कुणाचं प्रेम कुणावर आहे, यावरूनही होत नाही. दुसऱ्याची सुई वापरली, तर रक्तातून होऊ शकतो. मोठी माणसं कंडोम न वापरता शरीराने जवळ आली तरी होऊ शकतो, मग ती कुणीही असोत. आईकडून बाळालाही होतो, पण औषधाने तेही टाळता येतं."

"आणि मिठीतून?"

"मिठीतून घाम लागतो. तुझ्या बाबांचा तर फारच!"

भिंगरी खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "तू जिंकून दिलंस, तर तुझ्यावर ढीग होईल ना रे?"

मामाने हातमोजे चढवले. "आधी अडवू तर दे, बाई."

सामना बरोबरीत सुटला. आता पेनल्टी! भिंगरीने दोरी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. छापखान्याची शेवटची किक. हा चेंडू अडला की जिंकलो! त्यांचा खेळाडू धावत आला, चेंडू सणसणत कोपऱ्याकडे गेला आणि मामा आडवा झेपावला. धप्प!

चेंडू मामाच्या छातीशी होता!

मैदान दणाणलं. कडेला घड्याळवाला लहान मुलासारखा उड्या मारू लागला. सगळा संघ आरडाओरडा करत मामाकडे सुटला... आणि दोन हातांवर येऊन थबकला. इस्त्रीवाल्याने उभ्या उभ्याच टाळ्या वाजवल्या. बाबा आपल्या बुटांकडे बघू लागले. मामा धुळीत पालथा पडून, चेंडू कवटाळून वाट बघत होता.

तेवढ्यात भिंगरी दोरीखालून सुसाट आली. जिंकलं की बाबा तिला खांद्यावर घ्यायचे. आताही त्यांनी हात पसरले.

भिंगरी त्या हातांखालून वाकून निसटली, थेट मामाच्या पाठीवर धाडकन पडली, त्याच्या घामेजल्या शर्टात गाल खुपसला आणि एक हात मागे लांबवून ओरडली,

"बाबा, या ना लवकर! ढीग अर्धाच झालाय!"