सोनियाच्या दप्तरातला डबा

मी एक डबा आहे. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, एका बाजूला पोचा आलेला. सोनियाचं नाव माझ्या बुडावर आटपाडीच्या भांड्यांच्या दुकानात घातलं, तेव्हा ती चौथीत होती.

आटपाडीला माझ्यात बाजरीची भाकरी आणि मटकी असायची. वर्गात बहुतेकांकडे तेच. सोनिया मला चाटूनपुसून रिकामा करायची.

मग तिचे आईवडील, धोंडुबाई आणि बिराप्पा, कुपवाडच्या एका कारखान्यात लागले. धोंडुबाईची पाळी सकाळची, बिराप्पाची बहुतेक दुपारची. नव्या शाळेत सोनियाने पहिल्यांदा माझं झाकण काढलं, तेव्हा शेजारच्या संयोगिताने विचारलं, "तुमच्यात रोज बाजरीच असते का गं?"

संयोगिता मूळच्या कडेगावच्या बागायतदार घरातली. चिडवायला नाही, तिने सहज विचारलं होतं. पण सोनियाने झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने आईकडे चिप्सचा पुडा मागितला. मग रोजच. शाळेत पुड्यांना बंदी, म्हणून चिप्स माझ्यात ओतून न्यायची. बिराप्पा एकदा कुरकुरला, तेव्हा धोंडुबाई म्हणाली, "आवं, पोरगी सायकल मागती, मी न्हाई म्हनते. सहलीला जाऊ का म्हनती, न्हाई म्हनते. एवढ्याला तरी व्हय म्हनू द्या मला."



संयोगिताच्या डब्यात सफरचंदाच्या फोडी, मोड आलेले मूग. तिचा डोळा मात्र माझ्यातल्या चिप्सवर. "आमच्या घरी आणतच नाहीत," ती म्हणाली. "मागितलं तरी मम्मी नको म्हणते."

"मग तुला राग येत नाही?"

"त्यात काय? दुसरं काहीतरी मिळतंच की."



सातवीत एकदा ती प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. तपासणीत रक्त फारच कमी निघालं. नर्सबाईंनी मला उघडलं, आत तेलकट चुरा होता. धोंडुबाई कामावरून तशीच धावत आली. सोनियाला काय काय खायला द्यायचं ते नर्सबाईंनी तिला समजावलं. 

रविवारी दोघं घरी असताना धोंडुबाई नवऱ्याला म्हणाली, "मी व्हय म्हनत गेले आन् पोरगी वाळत गेली."

बिराप्पा म्हणाला, "उद्यापासनं भाकरी मी थापतो. मेंढरांमागं हिंडताना थापतच हुतो की."

भाकरी जाड झाली, एका अंगाला करपली. सोबत तिळाची चटणी आणि उकडलेलं अंडं.

"आबा, मुली बघत्यात," सोनिया म्हणाली.

"बघू दे. म्हनावं, माझ्या बानं केलीया."

मधल्या सुट्टीत तिने तसंच सांगितलं. संयोगिताला खरंच वाटेना. "तुझे पप्पा करतात? आमच्या पप्पांना चहासुद्धा येत नाही." आणि तिने एक तुकडा मागून घेतला.

आता सोनिया आठवीत आहे. बिराप्पालाही सकाळची पाळी लागली की तेवढा आठवडा माझ्यात पुन्हा चिप्स येतात. रक्त वाढलंय, पण हवं तेवढं नाही.

मुलांच्या डब्यात डोकावणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आईला नावं ठेवण्याआधी तिला विचारा, सकाळी तुमच्या घरी चुलीपाशी थांबायला कोण असतं?